काठीला बांधलेला कापूस

दिवाळी उरकली की आमच्या खिडकीखालून कापसाच्या गाड्या जायला लागतात. अमरावतीच्या या भागात घर घेताना मुलगा कौतुकाने म्हणाला होता, "आई, रस्ता मोठा आहे, हवा भरपूर येईल." हवा येते. तिच्याबरोबर बाकीचंही येतं. सकाळी गॅलरीच्या कठड्यावरून फडकं फिरवलं की ते काळं होतं, आणि त्या काळ्यात कापसाचे दोन-चार तंतू चिकटलेले असतात. ते फडकं मी लगेच धुवायला टाकत नाही. थोडा वेळ हातात धरून उभी राहते. सून विचारते, "काय पाहून राहिल्या, आई?" मी म्हणते, काही नाही, हंगाम लागला.

यंदा पेपरात रोज तोच विषय आहे. डिझेलच्या जड गाड्यांना धुराचे कडक नियम लावायचे की नाही, लावायचे तर कधीपासून, आणि जुन्या गाड्यांचं काय करायचं. एक जण लिहितो, लेकरांच्या छातीचा विचार करा. दुसरा लिहितो, या गाड्या थांबल्या तर तुमच्या घरात मीठ तरी येईल का. दोघंही खरं बोलतात, म्हणून तर वाद मिटत नाही. पूर्वी मी असलं सगळं चष्मा पुसून पुसून वाचायची, आता पान उलटते. थकवा वयाचा आहेच, पण नुसता वयाचा नाही. हा वाद मी एकदा पुरता ऐकलेला आहे, अकोल्यात, साठीच्या दशकातल्या एका हंगामात. कोण काय बोललं, कोणत्या वाक्याला टाळ्या पडल्या, सगळं पाठ आहे. तेव्हा मी नगरपालिकेच्या शाळेत नवीनच मास्तरीण म्हणून लागले होते, आणि माझे बाबा अकोटकडून येणाऱ्या रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकून होते.

त्या दिवसांची अकोल्याची हवा मी अजून नुसत्या नाकाने ओळखीन. आमचं घर जुन्या शहरात. पहाट सरली की मोर्णा नदीवरून गारवा यायचा, त्यात चुलींचा धूर, शेणाचा वास, आणि कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांकडून येणारा तेलकट, जरासा गोड वास. जिनांचे भोंगे वाजले की गल्लीतल्या बाया पदर खोचून लगबगीने कामाला निघायच्या. दुपारपर्यंत हवेत रुई उडायला लागायची. ती कुठेही बसायची, दांडीवरच्या ओल्या लुगड्यावर, वरणाच्या गंजात, पोरींच्या वेण्यांत. वर्गात फळ्यापाशी उभी राहिले की अंगावरचा खडू कोणता आणि रुई कोणती, मला कळायचं नाही. पोरी हसायच्या. मीही हसायची, कारण तेव्हा मला हसायला फार कारण लागत नसे.

लहानपणी ही रुई पांढरी होती. पन्नाशीच्या सालांत कापूस बैलबंड्यांनी यायचा. अंजनगाव, अकोट, दर्यापूर, चहूकडून बंड्यांची रांग लागायची, घुंगरांचा आवाज गावात आधी यायचा आणि बैल मागून. रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडून गाडीवान भाकरी भाजायचे, तव्यावर मिरच्या भाजल्या की येणारा-जाणारा ठसकायचा. तेवढाच काय तो खोकला. मग ट्रक आले. आधी एखाद-दुसरा, त्याच्यामागे गल्ली धावायची. मग रांगच लागायला लागली, आणि कोणी मान वळवूनही बघेना. एका हंगामात आईने दांडीवरचं बाबांचं धोतर काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाली, "काहून वं शांते, रुई यंदा करडी पडली का काय?" रुई करडी पडत नसते. पण आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं. आम्हाला आधी दोष कापसातच दिसतो.

बाबांचं गाव वलगाव. आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. बाबा मॅट्रिकपर्यंत शिकले, अकोल्यात चिकटले, आणि छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातली देवांची फळी रिकामी करून तिथे बुद्धाची तसबीर लावली. नाक्यावरची नोकरी म्हणजे एक टिनाचं शेड, एक टेबल, एक खुर्ची आणि रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू. पण त्या खुर्चीचं मोल असं सांगून कळणार नाही. वलगावची माणसं अकोल्याला आली की वाट वाकडी करून नाक्यावर जायची, बाबांना नुसतं बसलेलं पाहायला. ज्यांच्या बापाला शेठजींच्या ओट्याखाली लांब उभं राहावं लागलं, त्यांच्यातला एक जण हात वर करतो आणि शेठजींचा ट्रक थांबतो, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असायचं. ती आली की बाबा हात मुद्दाम जरा रुबाबात वर करायचे. मग त्यांना चहा पाजायचे.

ट्रक थांबायचा, इंजिन मात्र थांबायचं नाही. त्या जुन्या गाड्यांचा सेल्फ कधीच धड नसायचा. एकदा बंद पडली की माणसं जमवून ढकलल्याशिवाय ती पुन्हा सुरू होत नसे. म्हणून सगळी रांग घुरघुरत उभी राहायची, आणि तो सगळा धूर टिनाच्या शेडमध्ये शिरून तिथेच बसायचा. संध्याकाळी बाबा घरी आले की मोरीपाशी उभे राहून रुमालात नाक शिंकरायचे. रुमाल काळा निघायचा. आई तो सोड्याच्या पाण्यात टाकायची. मग खोकला आला. आधी नुसता सकाळचा, चूल पेटल्यावर. नंतर जिना चढताना, हसताना, बोलताना. अडुळसा झाला, हळद-गूळ झाला, ओव्याची पुरचुंडी झाली. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं, "नाका सोडा. छाती आणखी एक-दोन हंगाम ओढील, फार नाही." बाबांनी ऑफिसातल्या कामावर बदली मागितली. वरून सांगण्यात आलं, हंगाम होऊ द्या. अकोल्यात तेव्हा सगळ्यालाच हे उत्तर होतं. पोरीचं लग्न? हंगाम होऊ द्या. घरावर नवे कवेलू? हंगाम होऊ द्या. बाबांच्या छातीलाही तेच मिळालं.

आणि याच घरात हक्काने जेवायला यायचा श्रावणमामा, आईचा धाकटा भाऊ. तो अंजनगाव सुर्जीहून अकोल्याला कापसाचा ट्रक आणायचा. गाडी मालकाची, पण बोलणं असं की कारखान्यातून हिला यानेच हाताला धरून आणलं. रस्त्यावर दूर काळा लोट दिसला की नाक्यावरचे लोक बाबांना म्हणायचे, आले तुमचे साळे. मामाला त्याचा अभिमानच होता. "गाडी धूर फेकून राहिली म्हनजे खाऊनपिऊन तयार हाय, भाऊजी," तो भाकरी मोडत म्हणायचा. "जिले धूर नाई, ते चढावर बसते."

"तुही गाडी माह्या छातीत उभी हाय, श्रावण," बाबा म्हणायचे. "काढ तिले बाहीर."

दोघंही हसायचे. बाबांचं हसू खोकल्यात जाऊन संपायचं. आई हसायची नाही, ती मामाच्या ताटात आणखी एक भाकरी जरा जोराने टाकायची.

धुराचा विषय गावात आणला तो राजूरकर वकिलांनी. नाक्याच्या आत रस्ता आमच्या शाळेवरून, मग त्यांच्या घरावरून जिनांकडे जायचा. त्यांच्या लहान नातवाला खोकला जडला आणि वकीलसाहेब जागे झाले. घरात शिरल्याशिवाय धूर कोणालाच दिसत नाही, त्यात त्यांना एकट्याला काय दोष द्यायचा? त्यांचं म्हणणं साधं होतं. जे ट्रक काळा धूर सोडतात त्यांना नाक्यातून आत घेऊ नये, गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्याने जिनांकडे पाठवावं. तो कच्चा रस्ता म्हणजे नदीकाठची काळी माती आणि चाकोऱ्या. भरला ट्रक तिथून संध्याकाळपर्यंत निघाला तरी नशीब. झालं, गावात दोन तट पडले. पानठेल्यावर, विहिरीवर, शिक्षकांच्या खोलीत, जिथे-तिथे धूर. आमच्या घरात तर दोन्ही तट एकाच पंगतीला जेवत होते.

रविवारी दुपारी कापूस बाजाराच्या आवारात सभा भरली. मी बाबांबरोबर गेले. कापसाचे ढीग, त्यांवर बसलेली माणसं, कडेला उभ्या बाया. वकीलसाहेब शुद्ध बोलले, नागरिकांचं आरोग्य, भावी पिढी, स्वतंत्र देशाची नगरं. टाळ्या पडल्या. मग एक अडत्या उठला. "धूर कोनाले नाई, साहेब?" तो म्हणाला. "चुलीले धूर हाय, जिनाले हाय, आगगाडीले हाय. मंग ट्रकवरच काहून राग?" त्यालाही टाळ्या पडल्या. अंजनगावकडचा एक शेतकरी म्हणाला की बंडीनं यायचं तर रस्त्यात मुक्काम, बैलाचे हाल, वरून पानी आलं त कापूस भिजला. ट्रकनं माल एका दिवसात बाजारात येतो, ट्रक आमच्याकडून हिसकू नका. त्याचं तोंड उन्हाने रापलेलं होतं आणि तो हात जोडून बोलत होता. मला वाटलं, याला नाही म्हणायचं तरी कसं?

मग मामा उठला. मी अंग चोरलं. "मी श्रावण, गाडी चालवतो. साहेब म्हनतेत, नाक्यावर इंजन बंद करा. करतो ना बाप्पा! पन मंग धक्का कोन मारन? साहेब, तुमी येसान का कोट काढून?" सभा खो-खो हसली. वकीलसाहेबही हसले. बाबा हसले आणि मग इतका वेळ खोकले की पुढच्या ढिगावरची माणसं वळून बघायला लागली. मामाने तिकडे पाहिलं आणि खाली बसला. त्याला आणखी बोलायचं होतं, हे मला त्याच्या तोंडावरून कळत होतं.

एवढा वेळ वाद उच्च पातळीवर होता, पण एक प्रश्न आला आणि सगळं अडलं. काळा धूर म्हणजे किती काळा? धूर मोजायचं यंत्र असेल मुंबईला, अकोल्यात कुठलं? तेव्हा बाजारातल्या एका जुन्या दलालाने मूठभर धुतल्यासारखी पांढरी रुई उचलली, काठीच्या टोकाला बांधली आणि म्हणाला, "हे सायलेन्सरच्या तोंडाशी धरा. पांढरी राह्यली त गाडी आत. काळी झाली त कच्च्या रस्त्यानं." सभेने सुटकेचा श्वास सोडला. कापसाचा रंग! ते तर इथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. लगेच आवारातला एक ट्रक सुरू करून काठी धरली गेली, आणि करडा झालेला तो पुंजका हातोहात फिरायला लागला. आता धुराचं कोणी बोलेना. जो तो रुई बोटांत ओढून धागा बघू लागला. एक म्हणाला, हा अंजनगावचा माल नाही, धागा आखूड आहे. दुसरा म्हणाला, आखूड नाही, ओल लागली आहे. अर्धा तास तेच चाललं. आज आठवलं की हसू येतं. त्या दिवशीही आलं होतं.

ठराव झाला. नाक्यावर काठी आणि रुई ठेवायची, हंगाम संपेपर्यंत. टाळ्या कडाडल्या. बाबाही टाळ्या वाजवत होते, डोळ्यांत पाणी, ते खोकल्याचं की आनंदाचं कोण जाणे. घरी येताना ते उत्साहाने बोलत होते. नाक्यावरची हवा आता सुधारेल. मालकांना गाड्या दुरुस्त कराव्याच लागतील. बदलीचीसुद्धा गरज पडणार नाही, खुर्ची राहील आणि छातीही राहील. मोर्णेच्या पुलावर ते मध्येच थांबले, कठड्याला टेकून दम घेतला आणि पुन्हा बोलायला लागले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना इतकं खूश पाहत होते.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. सभेला ती आली नव्हती. बाबांनी तिला सगळं सांगितलं, वकील, अडत्या, मामाचा कोट काढून धक्का, काठी, रुई. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पाण्यात बुडवून तिच्यावरून फिरवला आणि विचारलं, "मंग ते काठी कोन धरन?"

"कोन म्हनजे?" बाबा म्हणाले. "नाक्यावरचा मानूस धरन."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. हातातला पाण्याचा पेला त्यांनी खाली ठेवला. अख्ख्या गावाने दुपारभर वाद घातला होता, शिकलेल्यांनी, कमावणाऱ्यांनी, हात जोडणाऱ्यांनी. हा एक प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता. माझ्याही नाही. आईने भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवसापासून बाबा काठी घेऊन उभे राहू लागले. आधी शेडमध्ये धूर यायचा, आता ते स्वतः धुराकडे जायचे, प्रत्येक ट्रकच्या मागे. तोंडाला रुमाल बांधायचे, पण बोलायचं असलं की तो खाली ओढावा लागायचा, आणि नाक्यावर बोलल्याशिवाय काही होत नाही. शाळा सुटली की मी त्यांना घ्यायला जायची. लांबूनच दिसायचं, एक किडकिडीत माणूस लांब काठी पुढे करून, मान मागे वळवून उभा. तपासलेले पुंजके टेबलावर ओळीने पडलेले असायचे, पांढरे, करडे, काळे. मी म्हणायची, "बाबा, दुसऱ्या कोणाले धरू द्या ना." ते म्हणायचे, "दुसरा धरन आन पाह्यल्यासारखं करन. मंग ठराव कशाले केला?" काठी हातात आली तेव्हा पहिले काही दिवस त्यांना तिचाही अभिमानच होता, हे मी विसरत नाही. गावाने धुराचा न्याय त्यांच्या हाती दिला होता. वलगावची माणसं आता ते बघायला यायची.

माणसाला मान आणि मरण एकाच हाताने देता येतं, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कोणी वाईट नव्हतं हो त्या सभेत. हेच मला आजवर छळतं. कोणी वाईट असतं तर रागावून मोकळी झाले असते. रागात निदान ताकद असते. हा जो थकवा आहे, तो चांगल्या माणसांच्या सभांनी दिलेला आहे.

त्या हंगामातली एक दुपार अजून जशीच्या तशी समोर आहे. शाळा लवकर सुटली होती. नाक्यावर रांग होती आणि रांगेत मामाची गाडी, कापसाने वरपर्यंत फुगलेली. ठरावानंतर मामा घरी जेवायला आला नव्हता. बाबा काठी घेऊन त्याच्या गाडीमागे गेले आणि तिथेच वाकले. खोकला असा की काठी टेकून उभं राहावं लागलं. मामाने आरशात पाहिलं असावं. त्याने इंजिन बंद केलं.

मागचे ड्रायव्हर ओरडायला लागले. बाबांनी श्वास गोळा केला आणि म्हणाले, "चालू कर, श्रावण. बंद गाडी कशी तपासू?"

"नका तपासू. धूर सोडते माही गाडी. तुमाले ठाव हाय, मले ठाव हाय. जातो कच्च्या रस्त्यानं."

"तपासल्याबिगर कोनाले आत नाई आन कोनाले मांगं नाई. साळा म्हनून त मुळीच नाई. चालू कर."

मामा खाली उतरला. बाबांच्या तोंडाकडे त्याने थोडा वेळ पाहिलं. मग मागच्या लोकांना हाक मारली, बंडीवाले, हमाल, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे आले, आणि ज्या धक्क्यावरून सभा खो-खो हसली होती तो धक्का मारला गेला. गाडी धुडधुडली, काळा लोट सुटला. क्लीनरला त्याने पायाने गॅस दाबून धरायला सांगितलं, मागे आला, बाबांच्या हातून काठी ओढून घेतली आणि स्वतः सायलेन्सरपुढे धरली. वारा उलटा होता. धूर सरळ त्याच्या तोंडावर आला. त्याने काठी सोडली नाही, पण डोळे मिटले, गुदमरला, आणि रुई काळीभोर झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. मी पाणी आणून दिलं. तो चूळ भरत राहिला, थुंकत राहिला.

"एवढंसं धरलं त जीव घाबरला, भाऊजी," तो म्हणाला. "तुमी दिवसभर कसे धरता?"

"सवय झाली," बाबा म्हणाले.

मामा रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, रस्त्यावर, सगळ्यांसमोर. बाबांनी त्याच्या हातातून काठी घेतली, काळा पुंजका सोडून टेबलावर काळ्यांच्या ओळीत ठेवला, आणि हात वर करून त्याला कच्च्या रस्त्याकडे वळायची खूण केली. मामाने गाडी वळवली. नदीकाठच्या चढावरून ती घसरत, धूर सोडत जाताना आम्हाला बराच वेळ दिसत होती. बाबा म्हणाले, "सांजेले जेवाले ये म्हनाव त्याले." मग पुढच्या ट्रकच्या मागे गेले.

पुढे जे झालं ते नेहमीचंच. संक्रांत आली तोवर मालकांनी वाटा काढल्या. काही जणांना वरून चिठ्ठ्या मिळू लागल्या, काहींचे क्लीनर काठीवर बदलून लावायला पांढरी रुई खिशात घेऊन यायचे. वकीलसाहेबांचा नातू बरा झाला, त्यांना दुसरा विषय मिळाला. त्यांनी एकदा नाक्यावर येऊन बाबांची पाठ थोपटली होती, मनापासून थोपटली होती. नाक्यावरच्या माणसांत बाबा एकटेच शेवटपर्यंत खरं तपासत राहिले. उन्हाळ्यात हंगाम झाला, तेव्हा त्यांची बदली आली. ऑफिसात पंख्याखाली टेबल मिळालं. खोकला त्यांच्याबरोबर ऑफिसात गेला. पावसाळाभर ते भिंतीला उशी लावून बसल्या-बसल्या झोपायचे. पुन्हा कापूस आला, भोंगे वाजायला लागले, रुई उडायला लागली, आणि बाबा नव्हते.

श्रावणमामा त्यानंतर कितीतरी वर्षं गाडी चालवत होता. नाक्यावर आला की मात्र इंजिन बंद करायचा, मागचे कितीही ओरडोत. तो गाडी अशी बेताने, जरा आधी, उतारावर उभी करायला शिकला होता की ब्रेक सोडला की ती आपसूक सुरू व्हायची. उतार सगळ्यांना दिसत होता, पण दुसऱ्या कोणाला तिथे गाडी उभी करायचं सुचलं नाही. आईसमोर त्याने धुराचं कौतुक पुन्हा कधी केलं नाही. आई त्याच्या ताटात भाकरी हळूच ठेवायला लागली.

मागच्या रविवारी आमच्या इमारतीत सभा होती. खालच्या हॉलमध्ये खुर्च्या, चहा, बिस्किटं. ट्रकांच्या नव्या नियमांना पाठिंबा म्हणून सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. चांगली माणसं आहेत सगळी. एक निवृत्त इंजिनिअर आहेत, एक दुकानदार, एक बँकेतली मुलगी. तिच्या लेकराला रात्रंदिवस वाफ द्यावी लागते. ती बोलताना रडवेली झाली. दुकानदार म्हणाला, पण माल महाग होईल त्याचं काय? इंजिनिअर म्हणाले, रस्त्यावर जागोजागी तपासणी हवी, प्रत्येक ट्रकची, रोज. टाळ्या पडल्या. मीही सही केली. न करण्यासारखं त्यात काही नव्हतं. नियम हवेतच.

कागद पुढे सरकला. मी उठायला लागले आणि तोंडातून आईचाच प्रश्न निघाला, "ही तपासणी करायला ट्रकच्या मागे कोण उभं राहणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इंजिनिअर समजुतीने हसले. "आजी, आता मशीन असते. नळी आत सरकवायची, झालं."

"नळी कोण सरकवणार?"

"असेल की कोणीतरी माणूस," ते म्हणाले.

"होता," मी म्हटलं. "आमच्याच घरचा होता."